ढोकी येथे तयार

‘धाराशिव जिल्ह्यात दर्जेदार चामडी बूट तयार होत नाहीत,’ असा निष्कर्ष जिल्हा पादत्राण मूल्यमापन कक्षाने आपल्या वार्षिक अहवालात नोंदवला आहे. निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. त्यामागची पद्धत त्याहून निःसंदिग्ध. कक्षाने पाहणीसाठी बाहेर जाण्याचे टाळले, कारण बाहेर धूळ असते आणि धुळीत बुटाचा दर्जा नीट दिसत नाही. त्याऐवजी कचेरीच्याच व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तपासण्यात आले. साहेबांच्या पायांत पुण्या-मुंबईचे बूट आढळले, शिपायांच्या पायांत रबरी चपला आढळल्या आणि अनवाणी आलेले अर्जदार ‘माहिती उपलब्ध नाही’ या सदरात गेले. जे साहेबांच्या पायांत नाही ते जिल्ह्यात नाही, हे तत्त्व प्रशासनशास्त्राला नवे नाही. पाणीटंचाईच्या बाबतीत ते उलट्या बाजूने पूर्वीच सिद्ध झालेले आहे.

ज्ञान येथेच थांबले असते. परंतु अहवालाचे कर्ते आण्णासाहेब कामानिमित्त ढोकीला गेले असता, साखर कारखान्याच्या रस्त्यावर त्यांच्या मुंबईच्या बुटाचा तळ सुटला. समोरच हनीफ यांचे दुकान होते. पुढे विक्री, मागे पडवीत रापी, फर्मे आणि कातडी. आण्णासाहेबांनी काळ्या बुटांचा एक जोड पायांत घातला, ते चार पावले चालले आणि त्यांच्या चेहऱ्यावर संशय उमटला. बूट कुठेच टोचत नव्हता.

‘कुठले हो हे?’

‘हितलेच, सायेब. मागं पडवीत शिवतो.’

‘तसं नाही. मूळचे कुठले?’

‘मूळचे म्हशीचे. म्हैस बी हितलीच.’

आण्णासाहेबांनी बूट उलटा केला. तळावर ‘ढोकी येथे तयार’ असा ठसा होता. अहवाल चुकीचा असणे शक्य नव्हते, कारण त्यावर सही झाली होती. तेव्हा चुकीचा होता तो बूट. हा इसम परदेशी माल आणून त्यावर गावाचे नाव उमटवत होता, हे उघड झाले. देशी मालावर परदेशी नाव घालणे हा आपल्याकडे व्यापार समजला जातो. परदेशी मालावर देशी नाव घालणे ही मात्र फसवणूक आहे, आणि ती या जिल्ह्यात प्रथमच घडत होती. आण्णासाहेबांनी एक जोड नमुना म्हणून ताब्यात घेतला, दुकानाला सील ठोकले आणि स्वतःचा सुटलेला तळ सुतळीने बांधून ते परतले. तत्त्वासाठी माणूस काय सोसत नाही!

दिवस लग्नसराईचे. सीलबंद दुकानात आसपासच्या गावांतल्या नवरदेवांचे बूट अडकले. हनीफ आणि त्यांची पत्नी ताहेराबी सुनावणीला धाराशिवच्या कचेरीत हजर झाले.

‘दोन रकाने आहेत,’ आण्णासाहेब म्हणाले. ‘बूट परदेशी असल्याचं कबूल करा, म्हणजे माल सरकारजमा होईल. नाहीतर ते दर्जेदार नाहीत हे सिद्ध होऊ द्या, म्हणजे ते जिल्ह्यातलेच ठरतील आणि दुकान उघडेल.’

‘आन् चांगले हायेत, पर हितलेच हायेत, असं लिवलं तर?’

‘तिसरा रकाना नाही.’

‘मग वाईट लिवा की सायेब,’ ताहेराबी म्हणाल्या. ‘नवरदेवं दारात येऊन बसल्यात.’

‘वाईट?’ हनीफ त्यांच्याकडे वळले. ‘म्या शिवलेला जोड वाईट?’

‘न्हाय, न्हाय, लई चांगला. बसा मग घरी चांगले होऊन.’

हनीफनी शेवटचा उपाय म्हणून कचेरीच्या आवारातच बूट शिवून दाखवण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. त्यांनी फर्म्यावर कातडे ताणले, रापीने कडा तासल्या, टाच बसवली. आण्णासाहेब शेजारी खुर्ची टाकून सर्व पाहत होते. बूट पूर्ण झाल्यावर त्यांनी तो हातात घेतला, वाकवला, हुंगला आणि नोंद केली : ‘अर्जदार परदेशी बूट समक्ष तयार करतो.’

आता दर्जाची निःपक्ष चाचणी तेवढी उरली. आण्णासाहेबांनी त्यासाठी सुचवलेली पद्धत शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती, हे मान्य करावेच लागेल. गिऱ्हाईक भावाकडे पाहते, दुकानदार नफ्याकडे पाहतो. पायऱ्यांवरून दुसऱ्याचा जोड उचलणारा मनुष्य केवळ दर्जाकडे पाहतो. त्यामुळे ताब्यातला जोड मंगळवारी, भर गर्दीत, तुळजापुरातल्या एका मठाच्या पायऱ्यांपाशी ठेवायचा, असे ठरले. कोणी उचलला तर तो दर्जेदार, म्हणजेच परदेशी. तसाच राहिला तर तो सामान्य, म्हणजेच स्थानिक, आणि हनीफ निर्दोष. प्रतिष्ठित पंच म्हणून सेवानिवृत्त प्राचार्य उत्तरेश्वर सरांना पाचारण करण्यात आले. सर ‘गावचं गावात’ या चळवळीचे अध्यक्ष होते, त्यांच्या घरी पुस्तकांनी भरलेली कपाटे होती आणि त्यांनी त्यांतली पुष्कळशी वाचलीही होती. पंचनाम्याचा कोरा कागद त्यांनी सहीनिशी आधीच देऊन ठेवला आणि ते दर्शनाला आत गेले. नमुना कोणता, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

समोरच्या चहाच्या टपरीवर आण्णासाहेब, हनीफ आणि ताहेराबी बसून राहिले. माणसे येत होती, जात होती. बुटांकडे कोणी पाहीना, तशी ताहेराबींना हुशारी आली.

‘कुणी हात लावंना बघा. उघडलं दुकान.’

हनीफ पायऱ्यांवरच नजर ठेवून होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘ती लाल सँडल गेली.’

‘जाऊ द्या की. आपल्याला काय?’

‘त्या सँडलची शिलाई बघितली का तू? तसली उचलतेत, आन् हा जोड लोकाला दिसंना?’

‘गप बसा हो. आपली भाकर हाय त्यात.’

इतक्यात उत्तरेश्वर सर दर्शन घेऊन बाहेर आले. त्यांच्या झिजलेल्या चपला हनीफ यांच्या बुटांना लागूनच होत्या. सरांनी चपलांकडे पाहिले. मग बुटांकडे पाहिले. मग कळसाकडे पाहून हात जोडले, पायरीवर टेकले आणि बूट घालून नाडी शांतपणे बांधू लागले.

हनीफ उठले. ‘सर, ते—’

‘बोलू नका,’ आण्णासाहेब कुजबुजले. ‘चाचणी चालू आहे.’

‘पर ते तुमचेच पंच हायेत की.’

‘म्हणून तर निकाल पक्का.’

सरांनी टाच जमिनीवर आपटून पाहिली आणि बस स्थानकाच्या दिशेने चालू लागले. चालताना त्यांनी दोनदा खाली पाहिले.

‘बसले की हो बरोबर त्यास्नी,’ ताहेराबी म्हणाल्या.

‘बसणारच,’ हनीफ म्हणाले आणि मग त्यांना दुकान आठवले.

निकाल स्पष्ट होता. बूट दर्जेदार, सबब परदेशी, सबब जप्त. आदेशाचा मसुदाही तयार झाला; परंतु नमुना हजर असल्याशिवाय माल जप्त करता येत नाही, आणि नमुना पंचांच्या पायांत होता. आण्णासाहेब सरांच्या घरी गेले. सर दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटांसमोर, बूट घालूनच बसले होते. ओळख पटवण्यासाठी आण्णासाहेबांनी त्यांना तळ पाहायला सांगितले. सरांनी बूट काढला, चष्मा लावला, ठसा वाचला आणि बूट हळूच, मेलेला उंदीर ठेवावा तसा, जमिनीवर ठेवला. तेथल्या तेथे त्यांचा जबाब घेण्यात आला.

त्या जबाबाने प्रकरण फिरले. अस्सल परदेशी बूट तळ वाचल्याने बिघडत नाही, हा बिघडला. सबब तो दर्जेदार नव्हता, सबब स्थानिकच होता, सबब हनीफ निर्दोष ठरले आणि अहवालही अबाधित राहिला. सील निघाले. यापुढे प्रत्येक जोडावर ‘दर्जेदार नाही’ असे छापावे, एवढीच अट पडली. हनीफ त्या अटीविरुद्ध अपिलात जायला निघाले होते. ताहेराबींनी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि नवरदेवांना आत घेतले.

वाचकांपैकी कोणाला सरांचे हसू येत असेल, तर त्यांनी आधी आपल्या पायांतला बूट उलटा करून पाहावा, आणि तो घेताना दुकानदाराला काय विचारले होते तेही आठवावे. कक्ष तेवढा वेळ थांबेल. सरांचा तो जबाब शब्दशः असा :

‘बूट मी नेले, हे मला मान्य आहे. ते बाहेरदेशचे असावेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. नेल्यापासून ते इतके मऊ वाटले की मी ते घरातही काढले नाहीत. ते ढोकीचे असल्याचे आज समजले आणि त्या क्षणापासून माझ्या डाव्या पायाची करंगळी दुखत आहे.’