दोषाचा रकाना

"माझा दोष? माझा? एकोणीस वर्षं ही गन माझ्या हातात आहे, जावईबापू! तेव्हा तुमच्या हातात खुळखुळा होता!"

असं ओरडताना मामांच्या हातात रंगाची पावडर उडवायची गन होती आणि समोर मालकांचे जावई पांढराशुभ्र शर्ट घालून उभे होते. मामांनी गन खाली ठेवली. संयम संयम म्हणतात तो हाच.

जगातली प्रत्येक गोष्ट वरून गुळगुळीत आणि आतून पत्राच असते. लोखंडी कपाट धुवायचं, सुकवायचं, हुकाला टांगायचं, पावडर उडवून भट्टीत भाजायचं. पावडर वितळते, कपाट चकाकतं. पण भाजायच्या आधी पत्र्यावर तेलाचा एक थेंब जरी बसला, तरी रंग तिथून मागे सरतो आणि बारीक खड्डा पडतो. त्याला आमच्या कारखान्यात 'डोळा' म्हणतात. मध्ये कपाटांना इतके डोळे आले की त्यांच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटावी.

म्हणून जावईबापूंनी दोष प्रतिबंधक समिती नेमली. (अध्यक्ष: जावईबापू. सदस्य: जावईबापूंना 'हो' म्हणणारे.) समितीने फॉर्म छापला, त्यात रकाना एकच: 'दोष'. तिथे डोळा, फोड, ओरखडा असं काहीतरी लिहायचं होतं. पण दोष म्हटल्यावर आपली माणसं काय लिहिणार? सगळ्यांनी नावं लिहिली.

पहिल्या आठवड्याचे एकूण दोष एकशेचार. मामांचे एकसष्ट, धुलाईवाल्या मावशींचे बावीस, टांगणाऱ्याचे वीस, नशिबाचा एक. (नशिबाकडून खुलासा मागवला आहे.)

जावईबापूंना ही पद्धत बेहद्द आवडली. ठरलं, की शनिवारच्या तपासणीत मामांच्या नावावर आणखी एक दोष निघाला, की गन काढून त्यांना धुलाईच्या टाकीवर बसवायचं.

मग प्रतिबंध सुरू झाला. डोक्याला तेल बंद. डब्यात तळलेलं बंद. पावडर उडवायच्या बूथजवळ घाम बंद (आल्यास लेखी अर्ज). कुणी कुणाला लोणी लावायचं नाही, हाही एक नियम होता. जावईबापूंची केबिन तेवढी वगळून.

डोळे वाढतच गेले.

"मामा, तुम्ही पत्रा बघता, मी माणसं बघते," मावशी एकदा टाकीपाशी म्हणाल्या. "हा बाबा रोज बूथपाशी येतो. तयार कपाटाच्या दारात तोंड बघतो, केसांवर बाटलीतलं तेलकट फुसफुस मारतो, भांग पाडतो आणि जातो. शेजारी धुतलेली कपाटं टांगलेली. मग डोळे पडतील नाहीतर काय चांदण्या पडतील?"

मामांनी तडक फॉर्म भरला. दोष: जावईबापूंचा. समितीने तो परत पाठवला. शेरा: 'हे नाव हजेरीपटात नाही, सबब असा दोष संभवत नाही.'

शनिवार उजाडला. जावईबापूंनी पहिल्याच कपाटाला नाक लावलं. "हा बघा डोळा!"

मामा घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, इतक्या जवळून बघितलं तर कुणाच्याही गालावर खड्डे दिसतात."

जावईबापूंचा हात स्वतःच्या गालावर गेला. ते दोन पावलं मागे सरले. "लांबून बघणंच योग्य," ते म्हणाले.

एक मीटरवरून दोष निम्मे झाले. पाच मीटरवरून सात उरले. फाटकाबाहेरून एकही दिसेना. आता तपासणी पाठ फिरवून होते आणि सलग नऊ आठवडे दोष शून्य आहे. मामांची गन मामांकडेच राहिली. समितीला पावडरचा रंग दिलेली ढाल मिळाली. (तिला तीन डोळे आहेत. अजून कुणी जवळून बघितलेलं नाही.)

आणि ती सगळी कपाटं कुठे गेली म्हणता? तुमच्याकडेच. आज आरशाच्या बाजूला नीट बघा, डोळा दिसेल. तक्रारीचा फॉर्म खालच्या खणात आहे, रकाना एकच आहे. पण लिहिण्याआधी एक सांगा, एवढ्या जवळून बघायला तुम्हाला सांगितलं कुणी? तेव्हा 'दोष'समोर गुपचूप आपलं नाव घाला.

चला, मला निघायला हवं. बूथपाशी फुसफुस ऐकू येतंय.