पिकअपला घातलेली चांदीची टोपी

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह राज्य करत होता हे सांगायला नकोच. जंगल म्हटलं की सिंह आला आणि सिंह आला की राज्य आलं. पण या जंगलात एक डिझेलवर चालणारी पिकअपसुद्धा होती. ती कुठून आली असं विचारू नका. सरकारी वस्तू आली की टाळ्या वाजवायच्या असतात.

पिकअप आणली होती पाण्यासाठी. खिंडीपलीकडे एक तांबडा माळ होता. उन्हाळ्यात तिथे सगळं कोरडं पडे. नदीवर पिंपं भरायची, पिकअपमध्ये चढवायची, खिंड ओलांडून माळावर रिकामी करायची, एवढंच काम.

त्या माळावरच्या शेवटच्या डबक्यात तानूबाई नावाची बेडकीण राहत होती. तिची ढीगभर पिल्लं होती, अजून नुसती शेपटीवर पोहणारी. डबकं रोज आटत होतं. पिल्लांना पोहायला जागा कमी पडायला लागली, तशी तानूबाईची झोप उडाली. पाणी आलं नाही तर काय होणार, हे तिला पक्कं कळत होतं.

आता या जंगलात एक रीत होती. कुणीही नवं आलं की त्याचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि टोपी. पिकअप आली, तिचाही सत्कार ठरला. बॉनेटवर शाल पांघरली. चाकासमोर नारळ फोडला. राहिली टोपी.

"गाडीला डोकं कुठाय?" महाराजांनी विचारलं.

प्रधान होता तरस. तो गाडीभोवती हिंडून आला आणि म्हणाला, "महाराज, डिझेलच्या टाकीला झाकण आहे. त्याला टोपी म्हणता येईल."

महाराजांच्या सासूबाई वाकून बघायला गेल्या. झाकण काळं होतं आणि त्याला मधोमध बारीक भोक होतं.

"इश्श! भोक पडलेली टोपी?" सासूबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, जावयाला दुसरी परवडत नाही."

त्यांनी स्वतःच्या हौसेने चांदीची टोपी करवून घेतली. घट्ट, जड, नक्षीदार. भोक नावालाही नाही. जुनं झाकण झुडपात फेकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे खाल्ले.

पिकअपचा ड्रायव्हर होता भुजाबा रेडा. त्याने गाडी चालू केली. गाडी झोकात निघाली, खिंडीपर्यंत पोचली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मिस्त्री साळिंदराला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं, बाहेर काढलं.

"पंप गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे? कुठे गेला?" महाराजांनी विचारलं.

"कामातून गेला, महाराज."

नवा पंप आला. तो बसवला. टोपी काढून डिझेल भरलं, टोपी घट्ट लावली. गाडी भुर्रकन निघाली. महाराज खूश. खिंडीत पुन्हा खोकली, पुन्हा गप्प.

"पंप गेला," साळिंदर म्हणाला. या वेळी त्याने डोकं आत घालायचीही तसदी घेतली नव्हती.

मग हे असंच चालू राहिलं. पंप यायचा, पंप जायचा. जंगलात इतके मेलेले पंप साठले की मुंग्यांनी त्यात संसार थाटले. महाराज वैतागले आणि त्यांनी समिती नेमली. कावळा म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. बगळा म्हणाला, भुजाबाचा पाय जड पडतो. वटवाघळाने उलटं लटकून पाहिलं आणि पंपच उलटा बसवलाय असा शेरा मारला. प्रधानजींनी नजर लागल्याचं सांगून पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. टोपीकडे कुणी पाहिलं नाही असं मात्र नाही हं, मुलांनो. रोज पाहत होते. ती रोज पुसली जायची.

इकडे डबक्यात चिखल दिसायला लागला. तानूबाई उड्या मारत, ठेचकाळत, थेट नदीवर आली.

"भुजाबादादा, माझी लेकरं सुकाय लागली," ती म्हणाली. "आज पाणी न्यायचंच."

"अक्का, मी तर रोज निघतोय," भुजाबा म्हणाला. "ही बयाच खिंडीत बसकण मारती. आज नवा पंप बसवलाय. बस मागं, बघू."

तानूबाईला उन्हाचा त्रास व्हायला लागला, म्हणून ती डिझेलच्या टाकीच्या सावलीत बसली. खिंड आली. गाडी खोकली. भुजाबा घाईघाईने उतरला.

"डिझेल तरी हाय का बघतो," तो म्हणाला आणि त्याने टोपी फिरवली.

फुस्स! टाकीने अशी काही हवा आत ओढली की तानूबाईचा पुढचा पाय टाकीच्या तोंडाला चिकटला. तिने तो हिसकून सोडवला आणि डोळे वटारून टाकीकडे पाहिलं.

"दादा, हिचा जीव गुदमरत होता रे!"

"कुणाचा?"

"या टाकीचा. डिझेल भायेर जातंय, तेवढी हवा आत नको का यायला? तोंड गच्च बांधून ठेवलंय. पंप बिचारा वढून वढून मरतोय. तुझ्या नाकातोंडावर कुणी हात दाबला तर तू तरी जगशील का?"

भुजाबाने टोपीकडे पाहिलं. मग मागे-पुढे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"अक्का, ही सासूबाईंची हाय."

"आणि डबक्यातली लेकरं माझी हायेत."

भुजाबाने टोपी काढून सीटखाली ठेवली. टाकीच्या तोंडावर सैलसं फडकं टाकलं. चावी फिरवली. गाडी दोनदा कुरकुरली आणि निघाली. खिंड मागे पडली. ज्या माळाला पाणी पोचवण्यासाठी एवढा सोहळा झाला होता, तो माळ पिकअपने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. डबक्यात पिंपं रिकामी झाली. पिल्लं इकडून तिकडे सुसाट पोहायला लागली आणि तानूबाई हमसून हमसून रडली.

बातमी दरबारात पोचली. महाराजांनी तडकाफडकी आनंदसोहळा ठेवला. साळिंदराला 'पंपभूषण' पदवी दिली. समितीचे आभार मानले. तानूबाईला बोलायला उभं केलं. ती बिचारी भोळी. तिला वाटलं, खरं ऐकायलाच बोलावलंय.

"महाराज, पंपाचा काही दोष न्हाई," ती म्हणाली. "सासूबाईंनी टोपी घातली, तवापासून हा सगळा घोळ झालाय."

दरबार गार पडला.

"काय म्हणालीस?" महाराज गुरगुरले. "सासूबाईंनी टोपी घातली? आम्हाला?"

"तुम्हाला न्हाई हो, गाडीला!"

"गाडी आमचीच आहे!"

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "जावयाच्या राज्यात हेच ऐकायचं राहिलं होतं. मी फसवते जावयाला?"

"फसवलं असं कुठं म्हणलं? टोपी घातली म्हणलं!" तानूबाई कळवळून म्हणाली, आणि प्रकरण आणखी चिघळलं.

प्रधानजींनी गाडीची झडती घेतली. टोपी सीटखाली सापडली. आता तर काय, चोरीच उघड झाली. भुजाबा सांगत राहिला, पण त्याचं सांगणं पुन्हा टोपीवरच येत होतं आणि तो शब्द उच्चारायला दरबारात बंदी झाली होती. त्याला नोकरीवरून काढलं. टोपी पुन्हा टाकीवर बसवली आणि पुन्हा कुणी काढू नये म्हणून वेल्डिंग करून टाकली.

"मग डिझेल कुठून भरायचं?" साळिंदराने हळूच विचारलं.

"तो विषय पुढच्या बैठकीत," प्रधानजी म्हणाले.

ती बैठक अजून झालेली नाही. पिकअप राजवाड्यासमोर उभी आहे. टोपी छान चमकते.

भुजाबा त्या दिवशी मान खाली घालून नदीवर आला. तानूबाई दरबारातून आधीच तिथे येऊन बसली होती.

"दादा, माझ्यामुळं तुझी भाकरी गेली," ती म्हणाली.

भुजाबाने पिंपं भरली, पाठीवर दोन्ही बाजूंना बांधली आणि चालायला लागला. खिंडीत तो थांबला, धापा टाकल्या, आणि पुन्हा निघाला. दुसऱ्या दिवशीही गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला. दोरांनी पाठ सोलवटून निघाली, पण डबकं काही आटलं नाही.

पिल्लांना पाय फुटले. ती बाहेर उड्या मारायला लागली. माळावर हिरवळ दिसायला लागली, तसा दरबाराने लगेच फलक लावला : 'पिकअप योजनेमुळे माळ हिरवा'. पाठोपाठ शाळा निघाली. तपासायला स्वतः प्रधानजी आले.

"माळावर पाणी कोणी आणलं?" त्यांनी विचारलं. "पाटीवर लिहा."

नेमका तेव्हाच भुजाबा पिंपं घेऊन समोरून येत होता. पिल्लांनी आनंदाने 'भु' लिहिला.

भुजाबाने लांबूनच पाहिलं. पिंपांसकट धावत तो पाट्यांपाशी आला आणि त्याने शेपटीने सगळे 'भु' पुसून टाकले.

"पिकअप लिहा, बाळांनो, पिकअप," तो त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला. "न्हाय तर उद्या येऊन मला पंप बसवतील."

तात्पर्य : गाडी अडली तर पंप बदलावा. पुन्हा अडली तर पुन्हा बदलावा. टोपीला मात्र हात लावू नये. पंप हवे तेवढे मिळतात, सासू एकच असते.