झाडेभाऊंचा डावा कान

आमचे हुडकेश्वरचे शेजारी, निवृत्त हवालदार झाडे, वाटीभर वडाभात दिला तरी पोच देतात. ‘वाटी एक, भातासह मिळाली.’ खाली सही, तारीख. वाटी परत करताना माझी सही घेतात.

“पुरावा पाहिजे, वहिनी. आमाले जिवंत असल्याचाबी दाखला द्यावा लागते.”

झाडेभाऊ तोफखान्यात होते. तिथं डावा कान गेला. निवृत्तीनंतर त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर कचेरीनं कळवलं की बहिरेपण मान्य, पण ते नोकरीतच आलं हे सिद्ध करा, वयानंही येतं. बरोबरच आहे. तोफेशेजारी उभं राहून माणूस लग्नाच्या बँडनंही बहिरा होऊ शकतो.

“भरतीच्या वेळी कान धड होता, कागद आहे. आता गेला, त्याचाबी आहे. मधात केव्हा गेला, त्याचा नाही. कान जाताना सही करून जाते का, वहिनी?”

“तेव्हाच दवाखान्यात का नाही दाखवला?”

“काहून दाखवू? तोफेवरून काढलं असतं ना मले.”

अखेर पुरावा निघाला माझ्या ट्रंकेतून. तिशीतली मी म्हणजे आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, एकमेव बी.ए.; त्या पदवीला तक्रारी लिहिण्याखेरीज काम नव्हतं. एकदा सुट्टीवर आलेल्या झाडेभाऊंना मी तीन हाका मारल्या, त्यांनी मान वळवली नाही. बी.ए.चा एवढा अपमान! मी लेआउटच्या समितीला लिहिलं: ‘सदर जवान पूर्वी हाकेला ओ देत असे. यंदा डावीकडून कितीही ओरडा, मुद्दाम दुर्लक्ष करतो.’ माझ्याकडच्या प्रतीवर तारीख, समितीचा शिक्का, सगळं शाबूत. पुढं दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नव्हते, तेही त्यांना ऐकू आलं नसावं.

कागद वाचून झाडेभाऊ म्हणाले, “तुमी भांडखोर होत्या, लय बरं झालं.” आणि तीन झेरॉक्स काढायला गेले.

मागच्या महिन्यात निकाल आला: बहिरेपण नोकरीमुळेच. मी पेढ्यांची वाट पाहून शेवटी स्वतःच गेले. झाडेभाऊ बायकोच्या, सुशीलेच्या, हार घातलेल्या फोटोसमोर बसून तो हुकूम मोठ्यानं वाचत होते.

“फौजेतून सुटून आल्यावर हिले सांगतलं होतं, कान गेला म्हणून. म्हणे, बहाणे नका सांगू, इतके वर्ष मी बोलून राहिली अन् तुमी मुद्दाम ऐकून नाही राहिले. तसंच समजून गेली, वहिनी.”

त्यांनी हुकमाची झेरॉक्स फोटोपुढं ठेवली, वर चष्म्याचं घर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

पोच मागितली नाही.