थोडीच, शनिवारी

शिक्षणाने माणूस घडतो आणि निलंबनाने त्याचा बाप, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. (सर्वमान्य म्हणजे मला मान्य आहे आणि बायकोने अजून हरकत घेतलेली नाही.)

मी रबरी शिक्के बनवतो. 'मंजूर', 'नामंजूर', 'खरी प्रत'. गेली सत्तावीस वर्षं अक्षरं उलटी कोरून लोकांची कामं सुलटी करतोय. स्वभाव पहिल्यापासून वात्रट. त्यामुळे मुलाच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा वाटलं, कुणीतरी जुना हिशेब चुकता करतंय. भिंगाखाली शिक्का तपासला. अस्सल होता. मीच बनवलेला.

पत्र असं होतं: 'आपल्या पाल्याच्या होस्टेलच्या खोलीत मद्य आणि/किंवा अमली पदार्थ या सदरात मोडणाऱ्या वस्तू (बाटली एक, पुडी एक) आढळल्याने त्यास वीस दिवस निलंबित करण्यात येत आहे. सदर वीस दिवस जबाबदारी घेणाऱ्या पालकाच्या देखरेखीत पूर्ण झाले तरच अंतिम परीक्षेस बसता येईल.'

परीक्षा चोवीस दिवसांवर होती. शेवटचं वर्ष.

योजना मला मनापासून आवडली. होस्टेलमध्ये दारूबंदी आहे, भिंतीवर पाट्या आहेत, दाराशी रखवालदार आहे. आमच्या घरात यातलं काहीही नाही. उलट फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोबीच्या मागे, थोडी सोय आहे. तर मुलाला व्यसनापासून वाचवायचं म्हणून पाट्यांपासून उचलायचं आणि कोबीपाशी आणून ठेवायचं. असं काही एकट्यादुकट्याला सुचत नाही, त्याला समितीच लागते.

मला त्या समितीपुढे बोलावलं; ती पाच जणांची होती. प्राचार्य, समुपदेशक बाई, दोन प्राध्यापक (पैकी गणिताचे झोपलेले) आणि इतिवृत्त लिहिणारा कारकून. कारकुनाला कानावर पडेल ते लिहायची सवय होती, समजेल ते लिहायची नव्हती.

प्राचार्यांनी समोरच्या तक्त्यात 'पालकाची जबाबदारी' या रकान्यावर बोट ठेवलं. (हे मला नंतर कळलं. माझ्या बाजूने फक्त बोट दिसत होतं.) चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही घेता का?"

आता मराठी माणसाला दुसऱ्याने 'घेता का' एवढंच विचारलं, तर काय, हे विचारावं लागत नाही. त्यात विषय असा. म्हटलं, खरं बोलून पोराला वाचवू.

"घेतो सर. खोटं कशाला बोलू?"

"रोज?"

"छे हो! थोडीच. शनिवारी."

प्राचार्य दचकले. "आठवड्यातून एकदाच?"

"आता जास्त झेपत नाही सर. वय झालं."

"आणि मिसेस?"

"ती? अजिबात नाही. तिला वाससुद्धा सहन होत नाही."

समुपदेशक बाईंनी सुस्कारा सोडला. "मग बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मित्र घेतात मॅडम. मी नुसता बसतो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं. मला वाटलं, प्रामाणिकपणाचे मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त घरी आलं. 'पालक आपली जबाबदारी आठवड्यातून एकदा, शनिवारी, थोडीच घेतात. वयोमानामुळे जास्त झेपत नाही. मातेस जबाबदारीचा वासही सहन होत नाही. एरवी ती मित्रमंडळी घेतात, पालक नुसते बसतात.'

मी आजवर स्वतःचं इतकं अचूक वर्णन वाचलेलं नाही.

पण पुढे ठराव होता. जबाबदारी आठवड्यातून एकच दिवस घेतली जात असल्याने देखरेखीचे वीस दिवस भरायला वीस आठवडे लागतील. गणिताच्या प्राध्यापकांनी (उठल्यावर) आकडा तपासला होता. म्हणजे परीक्षा बुडाली, वर्ष बुडालं.

मी धावत कारकुनाकडे गेलो. "अहो, मी दारूचं म्हणत होतो!"

"मग तेही लिहू का?"

"नको! ते शनिवारचं तेवढं खोडा."

"काका, इतिवृत्तात खोडता येत नाही. वाढवता येतं. रोज घेईन असं लिहून द्या, पत्नीची साक्षीदार म्हणून सही आणा."

मी लिहिलं: 'मी आजपासून रोज घेईन. सकाळ-संध्याकाळ घेईन. आजारी असलो तरी घेईन. पत्नीसमक्ष घेईन.'

बायकोने वाचलं. "यात जबाबदारी हा शब्द कुठाय?"

"तो फॉर्मवर वरच्या रकान्यात आहे."

"तुमच्या बाबतीत तो कायम वरच्याच रकान्यात असतो," म्हणाली आणि सही केली.

शिवाय 'यांना रोज घेताना आम्ही पाहिले आहे' या मजकुराखाली पाच शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. एकोणीस आल्या. वाचून सही करणारे शून्य, न वाचता करणारे सतरा, आपणहून दार वाजवून आलेले दोन. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "पाहिलंय कसलं, ऐकलंय! गातोस तेव्हा."

मग मी जबाबदारी घ्यायला लागलो. 'आज घेतली' असा शिक्का केला, खाली फिरती तारीख, आणि तो मारायला एक वही. सकाळी मुलाच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "अभ्यास?" तो म्हणायचा, "हो." शिक्का. संध्याकाळी, "अभ्यास?" "हो." शिक्का. वीस दिवसांत माझे चाळीस शब्द, त्याचे चाळीस. समितीने ही देखरेख 'अत्यंत समाधानकारक' ठरवली आणि मुलाला हॉलतिकीट मिळालं. मी पेढे घेऊन समितीकडे गेलो. माझ्या वही-शिक्क्याचा नमुना इतर पालकांना दाखवायचं ठरलं.

परीक्षेच्या सकाळी मुलाला स्कूटरवरून सोडलं. तो उतरला, पण फाटकापाशी घुटमळला.

"बाबा, मी वीस दिवस वाट बघत होतो."

"हॉलतिकिटाची ना? आलं की!"

"नाही. कुणीतरी विचारेल म्हणून."

"काय?"

"ते कुणाचं होतं. मी घेतलं की नाही. घेतलं तर का."

मी जन्मभर हजरजबाबी म्हणून मिरवलोय. त्या फाटकात एवढंच म्हणालो, "मग... का?"

"आता पेपर आहे," तो म्हणाला आणि आत गेला.

तीन तास मी फाटकाबाहेर उभा होतो. आधी स्वतःची लाज वाटली. मग समितीची आठवण काढून जरा बरं वाटलं. मग एकोणीस शेजारी आठवले, आणखी बरं वाटलं. आणि आता तर तुम्हीही आहात. पहिल्या पत्रापासून माझ्यासोबत आहात, 'घेता का'ला खुदकन हसलात, पण त्या पोराने घेतलं होतं का, हे तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं? नाही ना? चालायचंच.

तुमचं पोर कुठल्या वर्षाला आहे म्हणालात?