आमच्याकडचा भाडेकरू

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस लुओयांग शहरात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कापडगिरणीच्या कचेरीत एकतीस वर्षं शिक्के माझ्या ताब्यात होते. तीन मॅनेजर आले आणि गेले, गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण फान शौछिंगच्या हातून गेलेला कागद कधी परत आला नाही. त्यामुळे जावयाला कायम रहिवासाचं कार्ड काढायची वेळ आली, तेव्हा मी मुलीला म्हणालो, "यीलान, तू लोकांचे दात उपट. कागद माझ्यावर सोड."

"नक्की ना, बाबा? मी रजा काढते हवं तर."

"शिक्का कुठल्या बाजूनं धरतात हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे."

जावई मादागास्करचा. नाव रिवो. आमच्या शहरात एका खासगी क्लासमध्ये फ्रेंच शिकवायचा आणि सहा वर्षं नोकरीच्या परवान्यावर राहत होता. यंदा क्लासला टाळं लागलं आणि परवाना महिनाअखेर संपणार होता. त्यात यीलान चार महिन्यांची गरोदर. आंबट शेवया वाढताना तिनं मला स्पष्टच सांगितलं, "दर वर्षी मुदतीचे दिवस मोजत मला मूल वाढवायचं नाही. कार्डाचा अर्ज दाखल झाला तर इथंच राहू. नाही झाला तर आम्ही त्याच्या आईकडे जाऊ. कायमचे."

बायको जाऊन मला नऊ वर्षं झाली. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात या दोघांशिवाय माझं कोणी नाही. तेव्हा रिवोपेक्षा ते कार्ड मलाच जास्त हवं होतं, हे काही लपवण्यासारखं नाही.

मी फाईल तयार केली. आगगाडीनं तासाभरावर असलेल्या झेंगझोऊला लग्नाची नोंद झाली होती, तिचा लाल दाखला. रिवोच्या देशातून मागवलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, त्यावर दोन दूतावासांचे शिक्के. आरोग्य तपासणी, घराचा कागद, बँकेचं पत्र. सगळ्याच्या तीन-तीन प्रती. फाईल अशी देखणी झाली होती की देताना मला जरा वाईटच वाटलं.

परदेशी लोकांच्या कचेरीत खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला आणि मान डोलावली. मग घरनोंदीची वही उघडली. या वहीत घरातल्या प्रत्येकाची जन्मापासूनची नोंद असते, आणि घराचा प्रमुख म्हणून ती माझ्या कपाटात असते.

"यात तुमची मुलगी अविवाहित आहे," बाई म्हणाल्या.

"ती जुनी नोंद असेल."

"मुलगी अविवाहित, आणि तुम्ही जावयाचा अर्ज घेऊन आलात. मग हा नवरा कोणाचा?"

रांगेत मागे कोणीतरी हसलं. लग्न झालं म्हणून वहीतली नोंद आपोआप बदलत नाही, पोलीस चौकीत जाऊन बदलून घ्यावी लागते. लग्नानंतर यीलाननं मला ते करायला सांगितलं होतं. मी "उद्या जातो" म्हणालो होतो. त्या उद्याला सहा वर्षं होऊन गेली होती. मी वही उचलली आणि तडक चौकी गाठली.

चौकीत दहा मिनिटांत काम झालं. मी वही पिशवीत घालणार, एवढ्यात संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली, "काका, एक मिनिट. तुमच्या पत्त्यावर हा परदेशी माणूस सहा वर्षं राहतोय ना? दर वर्षी त्याच्या राहण्याची नोंद तुम्हीच केलीय. नात्याच्या रकान्यात 'भाडेकरू' लिहिलंय."

"चुकून झालं असेल."

"सहाही वर्षं? अक्षर मात्र सुंदर आहे हं."

तिनं शेजारच्या टेबलावरच्या निंग नावाच्या तरुण अधिकाऱ्याला बोलावलं. निंग सभ्य होता. म्हणाला, "काळजी करू नका. गुरुवारी तीन वाजता मी तुमच्या वसाहतीत येतो, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारतो आणि लिहून देतो. नवरा-बायको आहेत की नाही हे शेजाऱ्यांपेक्षा जास्त कोणाला माहीत असतं?"

मी वही पिशवीत घातली आणि घरी आलो.

आता खरं सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी रिवो पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आला, त्या दिवशी दोघं मिळून त्याची बॅग वर नेत होतो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शुएवहिनी भेटल्या. आमच्या वसाहतीचं वर्तमानपत्र म्हणजे या वहिनी. त्यांनी विचारलं, "फानदादा, हा कोण?" मला 'जावई' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "भाडेकरू." एकुलती एक मुलगी, डेंटिस्ट झालेली, आणि तिनं नवरा आणला तो नकाशात शोधावा लागेल अशा बेटावरचा. लोक हसतील याची मला भीती वाटली. मला त्याची लाज वाटली. आज मला माझी वाटते, पण त्याला फार उशीर झाला.

एकदा भाडेकरू म्हटल्यावर त्याचा जावई कधी करायचा? रोज वाटायचं, पुढच्या आठवड्यात सांगू. दरम्यान वसाहतीत यीलान बिनलग्नाची राहिली. तेहतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी घरात, म्हणून सगळे माझी कीव करू लागले. शुएवहिनींनी तर विडाच उचलला. दर सणाला एक स्थळ, तेही यीलानच्या माघारी, फक्त माझ्या कानावर. मी एकाला बुटका म्हणून नाकारलं, दुसऱ्याला उंच म्हणून, तिसऱ्याचं जन्मवर्ष आमच्या पंचांगात वाघाचं निघालं म्हणून. विदेशी जावयावरून लोक हसू नयेत म्हणून मी हे केलं, आणि 'म्हातारा मुलीला उजवू देत नाही' म्हणून हसणं पदरात घेतलं. हिशोबात कुठंतरी चुकलंच.

आणि रिवो? घरात तो मला 'बाबा' म्हणायचा. आम्ही जिना उतरायला लागलो की दुसरा मजला येईपर्यंत 'बाबा', आणि त्याखाली 'फानकाका'. मी त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी काही विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटायचं, म्हणून मी त्यावर विचारच केला नाही.

तर आता गुरुवारच्या आत वसाहतीला खरं सांगणं भाग होतं. घरात मी कोणाला काही बोललो नाही. माझाच घोळ, मीच निस्तरणार होतो. बुधवारी सकाळी मनाचा हिय्या करून खाली गेलो. अंगणात पत्त्यांचा डाव रंगला होता.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "यीलानबद्दल."

शुएवहिनींनी पत्ते खाली ठेवले. "मी पण तेच म्हणणार होते! गुरांचा डॉक्टर आहे. बायको वारलीय, पण स्वभावानं गरीब. उंची तुम्ही म्हणाल ती आहे."

"वहिनी, ऐका तर."

"नाही म्हणू नका, दादा. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर ती. रात्री झोप लागत नाही मला तिच्या काळजीनं."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सहा वर्षं तुम्हाला फसवलं, हे त्या डोळ्यांकडे बघून मला सांगता येईना. गुरांच्या डॉक्टरचा फोन नंबर घेऊन मी वर आलो.

मग दुसरी युक्ती सुचली. निंगसाहेबांना आधी घरातच आणायचं आणि घर असं सजवायचं की शेजाऱ्यांना विचारायची गरजच पडू नये. गुरुवारी यीलान दवाखान्यात गेली, रिवो भाजी आणायला गेला, तसा मी कपाटामागं ठेवलेला त्यांच्या लग्नाचा फोटो काढला, खिळा ठोकला आणि दिवाणखान्यात लावला. नवदांपत्याच्या दारावर लावतात तो लाल शुभकागद बाजारातून आणून त्यांच्या खोलीच्या दारावर चिकटवला. दुकानदार म्हणाला, "अभिनंदन! कधी आहे?" मी म्हणालो, "झालंय." घड्याळात दोन वाजले होते. तासभर हातात आहे, असं म्हणत मी खिडकीशी गेलो.

खाली शुएवहिनींच्या शेजारी साधं जाकीट घातलेला एक तरुण बसून गप्पा मारत होता. तो निंग होता. एक तास आधी आला होता!

तेवढ्यात फाटकातून रिवो आला, हातात कांद्याच्या पातीची जुडी. निंगला त्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. निंगनं सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही चौथ्या मजल्यावरचे ना? फानसाहेबांचे कोण?"

भोवती सातजण बसलेले. रिवोनं सगळ्यांकडे पाहिलं, मग मान वर करून खिडकीत मला पाहिलं. हसला. आणि माझी अब्रू सांभाळत, स्वच्छ चिनीत म्हणाला, "भाडेकरू. फानकाका फार चांगले आहेत, दादा. असा घरमालक मिळत नाही."

मी खिडकी उघडली. आठ तोंडं वर वळली. 'जावई आहे तो माझा', एवढे चारच शब्द म्हणायचे होते. मुलगी, नातवंडं, पुढची सगळी वर्षं त्या चार शब्दांवर होती आणि ते मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "साहेब, वर या ना. चहा टाकलाय."

चहासुद्धा टाकलेला नव्हता.

निंग वर आला. फोटोसमोर उभा राहिला. "छान आहे. खिळा नवा दिसतोय." जमिनीवर भिंतीचा चुरा पडला होता. दारावरच्या लाल कागदाला त्यानं बोट लावलं, तर खळ बोटाला आली. त्यानं रुमालानं बोट पुसलं.

"काका, मी वाईट अर्थानं म्हणत नाही. पण मुलीच्या लग्नाची नोंद तुम्ही या मंगळवारी केलीत. फोटो आज लावलात. शेजारी म्हणतात, मुलगी बिनलग्नाची आहे, कालच एक स्थळ सांगितलं आणि तुम्ही नंबरही घेतलात. आणि खुद्द नवरा म्हणतोय, तो भाडेकरू आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

मी काय लिहिलं असतं ते मला एकतीस वर्षांच्या अनुभवानं नेमकं माहीत होतं.

रिवो दारात उभा होता. फोटो, लाल कागद, निंगच्या हातातली फाईल, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब, मी यीलानचा नवरा आहे."

"पाच मिनिटांपूर्वी नव्हता."

"खाली मी तसं म्हणालो, कारण..." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. "माझी चूक झाली. तुमची भाषा मला अजून नीट येत नाही." हे वाक्य तो आमच्या लुओयांगच्या अस्सल ढंगात बोलला. निंगनं तेही लिहून घेतलं.

आणि मी? मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो.

पाच दिवसांनी माझी फाईल परत आली. आयुष्यात पहिल्यांदा. 'नाते संशयास्पद. सविस्तर चौकशीनंतर नव्याने अर्ज करावा.' चौकशीला आठ महिने तरी लागणार होते. रिवोच्या परवान्याचे अकरा दिवस उरले होते. खोट्या लग्नाचे कागद मी एकतीस वर्षांत पुष्कळ पाहिले, पण खरं लग्न खोटं ठरवून दाखवणारा मीच पहिला असेन.

यीलाननं कागद दोनदा वाचला. तिनं आधी रिवोला विचारलं, "भाडेकरूचं तुला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग मला का नाही बोललास?"

"तुझ्या बाबांची माणसं आहेत ती," तो म्हणाला. "त्यांना त्यांच्यातच राहायचंय."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, कागद तुमच्यावर सोडले होते," एवढंच म्हणाली आणि कपडे भरायला गेली.

निघाले त्या दिवशी मी बॅग घेऊन त्यांच्याबरोबर जिना उतरलो. यीलान पुढे गेली होती. दुसऱ्या मजल्याच्या आधी रिवो थांबला, माझा हात हातात घेतला. "तब्येत सांभाळा, बाबा. रक्तदाबाच्या गोळ्या डावीकडच्या खणात आहेत." मग आम्ही खाली आलो, अंगणात माणसं होती, आणि तो म्हणाला, "येतो, फानकाका."

शुएवहिनींनी विचारलं, "भाडेकरू चालला वाटतं? आणि यीलान?"

"दातांचं शिबिर आहे तिचं," मी म्हणालो. थंडीचा जाड कोट होता म्हणून तिचं पोट कोणाला दिसलं नाही.

त्याला आता अडीच महिने झाले. रविवारी ती दोघं फोनवर दिसतात. त्यांच्याकडे तेव्हा दुपार असते, मागं कोंबड्या ओरडत असतात. यीलान माझ्याशी बोलते, पण मोजकं. रिवो जास्त बोलतो.

परवा शुएवहिनी वर आल्या. खोलीच्या बंद दाराकडे पाहून म्हणाल्या, "दादा, खोली रिकामीच आहे ना? माझ्या भाच्याला हवीय. शांत मुलगा आहे."

"नाही देता येणार, वहिनी."

"का बरं?"

"जावयाची खोली आहे ती."

बोललो एकदाचा. सहा वर्षं घशात अडकलेला शब्द बाहेर पडला आणि कुठं काही कोसळलं नाही. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या चक्क रडायला लागल्या.

"म्हणजे जमलं आपल्या यीलानचं! मी म्हणतच होते, शिबिरात भेटेल कोणीतरी. कसा आहे मुलगा?"

"चांगला आहे," मी म्हणालो. "फार चांगला आहे."

"कुठला?"

"जरा लांबचा आहे."

"लांबचा म्हणजे? झेंगझोऊचा?"

"त्याच्या थोडा पुढचा," मी म्हणालो.