पहिलं तेल

इंजिनातलं तेल काढून टाकायला अक्कल लागत नाही. गाडीखाली सरपटत जायचं, इंजिनाखालच्या चेंबरचा नट सोडवायचा आणि पटकन बाजूला व्हायचं. पुढचं काम तेल आपलं आपण करतं. अक्कल लागते ती नवीन तेल घालायला, आणि त्या दिवशी सकाळपासून मालक नेमका तिथेच अडून बसला होता.

मालक म्हणजे कोणी गडगंज असामी नव्हे. परवापरवापर्यंत तो दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मग त्याने एक जुना ट्रक घेतला आणि सगळे त्याला मालक म्हणायला लागले, निम्मे कौतुकाने, निम्मे टोमणा म्हणून. नोकरी सोडताना त्याने शेठच्या हातावर किल्ली ठेवली आणि छाती पुढे काढून सांगितलं, "शेठ, आता स्वतःची गाडी!" शेठने किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "बरं," तो म्हणाला, "महिन्याभरात येशील परत." ओरडला असता तर मालकाला काही वाटलं नसतं. पण शेठ हे इतक्या मायेने म्हणाला की ते मालकाच्या डोक्यातून जाता जाईना.

आणि झालं काय, तर पहिल्याच फेरीत इंजिन बसलं. मिस्त्रीने ते अख्खं खोललं, नवं सामान घालून बांधलं, पातळ तेलावर थोडं फिरवून धुऊन घेतलं. आता ते धुण्याचं तेल काढायचं आणि खरं तेल भरायचं, एवढंच उरलं होतं. उद्या सकाळी काच कारखान्याचा माल उचलायचा होता. तिथल्या मॅनेजरने सरळ सांगितलं होतं, "गेट उघडताना गाडी दारात दिसली तर कायमचं काम तुमचं. नाही दिसली तर पुन्हा फोन करू नका." म्हणजे उद्या गाडी गेली तर मालक हा मालक, नाही गेली तर शेठच्या भिंतीवरचा खिळा आणि त्यावरची किल्ली.

"मालक, दोन गोष्टी ध्यानात ठेवा," मिस्त्री सकाळी म्हणाला होता. "नट खिशात ठेवा, हरवला तर तसला मिळायचा नाही. दुपारपर्यंत तेल निथळलं की लगेच बसवा."

"बसवतो. दुसरी?"

"बांधलेल्या इंजिनात पहिलं जे तेल पडेल, ते त्याचं तेल. मग आयुष्यभर तेच. दुसऱ्या कंपनीचं घातलं की इंजिन बिघडलंच म्हणून समजा."

हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला विचारू नका. पण ट्रकवाल्यांमध्ये बायकोशी भांडणारे, देवाला न मानणारे, सिग्नल तोडणारे सगळे जण ही एक गोष्ट मात्र मानतात. मालकही मानत होता. त्यामुळे सकाळपासून तो ट्रकसमोर असा उभा होता की जणू मुलीसाठी स्थळ ठरवायचंय आणि संध्याकाळच्या आत होकार कळवायचाय.

बरं, एकट्याला विचार करू देतील ते घरचे कसले! दुपारच्या जेवणाला सासरे आले ते खांद्यावर तेलाचा लाल डबा घेऊनच. मागोमाग मेव्हणा आला, त्याच्या हातात पिवळा डबा. त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. हात धुऊन मिस्त्री आला तो निळा डबा घेऊन. तीन डबे ओसरीवर ओळीने बसले आणि तीन माणसं पानावर.

"जावईबापू," सासऱ्यांनी सुरुवात केली, "मी आयुष्यभर ट्रक चालवला तो लाल डब्यावर. माझं इंजिन कधी खोकलं नाही."

"बाबा, ते खोकत होतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं," मेव्हणा म्हणाला. "दाजी, पिवळाच घ्या. सिंथेटिक आहे."

"सिंथेटिक म्हणजे काय रे?"

"म्हणजे... म्हणजे चांगलं असतं."

"बघा!" मिस्त्रीने घास हातातच ठेवला. "इंजिनाचं बाळंतपण मी केलं आणि बाळाला काय पाजायचं ते हे दोघं ठरवणार? निळ्याशिवाय दुसरं घातलंत तर माझी जबाबदारी नाही. रस्त्यात बंद पडली तर मला फोन नाही करायचा."

"आणि लाल नाही घातलं तर?" सासऱ्यांचा आवाज चढला. "अहो, मी पोटची पोरगी दिली तुम्हाला! तेव्हा एका शब्दाने चौकशी केली नाही. आणि तुम्ही माझ्या डब्यावर शंका घेता?"

"चौकशी करायला हवी होती," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मालक भात कालवता कालवता मनात हिशेब मांडू लागला. लाल घातलं तर मिस्त्री तुटणार, आणि मिस्त्री तुटला की गाडी कुठे बंद पडली तर धक्का मारायलाही कुणी नाही. निळं घातलं तर सासरे रुसणार, आणि ते रुसले की बायको बोलायची थांबणार. किंवा त्याहून वाईट, थांबायची नाही. पिवळं नाकारलं तर मेव्हणा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटणार, की सख्खे दाजी आपल्याकडचं तेल वापरत नाहीत. नवं दुसरंच काही आणावं तर बाजार आज बंद. बरं, तिन्ही थोडं थोडं घालावं, तर असं काही बोलण्याचीही सोय नव्हती; तीन कंपन्यांची तेलं एकत्र आली की इंजिन गेलंच, यावर मात्र तिघांचं एकमत होतं. स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता आपल्या मनाचा कारभार. कसलं मन आणि कसला कारभार! नोकरीत होता तेव्हा निदान ठरवायचा त्रास तरी नव्हता.

आणि इथेच त्याला ती भलती कल्पना सुचली. शेठचा ट्रक त्याने वर्षानुवर्षं पळवला होता. ते इंजिन कधी कुरकुरलं नव्हतं. त्यात कोणतं तेल असायचं? हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं! ड्रायव्हरने फक्त चालवायचं, तेल शेठची माणसं भरायची.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," असं म्हणून तो उठला आणि तडक शेठच्या अड्ड्यावर गेला.

अड्ड्याच्या मागच्या बाजूला शेड होती. मालकाने मान लांब करून आत डोकावलं. कोपऱ्यात एक मोठं पिंप होतं आणि एक जण त्यातून मापाने तेल काढून गाडीत ओतत होता. पिंपावर ना रंग, ना नाव. मालक आणखी वाकला.

"आलास?" मागून आवाज आला.

शेठ हातात चहाचा कप घेऊन उभा होता. चेहऱ्यावर तीच माया.

"नाही, नाही! सहज. इथून चाललो होतो."

"मागच्या दाराने?"

"जवळ पडतं."

"बरं. किल्ली तिथेच आहे हो खिळ्याला. अजून कोणाला दिली नाही."

मालकाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेलाचं नाव विचारायचं राहिलंच. मान खाली घालून तो परत निघाला आणि चालता चालता स्वतःवरच चिडून त्याने ठरवून टाकलं, की बस्स झालं. घरी जायचं, डोळे मिटून एका डब्याला हात लावायचा, हाताला लागेल ते तेल. कोणाला रुसायचं ते रुसू दे!

तो घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात अगदी शांतता होती. सासरे आरामखुर्चीत डुलत होते. मेव्हणा गुणगुणत होता. मिस्त्री पायरीवर बसून चहा पीत होता आणि चक्क हसत होता.

"मी ठरवलंय," मालक दारातूनच ओरडला.

"तुमची मर्जी, जावईबापू," सासरे गोड आवाजात म्हणाले.

"दाजी, तुम्हाला पटेल ते. गाडी तुमची," मेव्हणा म्हणाला.

"कोणतंही घाला हो, मालक. शेवटी तेल ते तेल," मिस्त्री म्हणाला.

मालक बिचकतच डब्यांपाशी गेला. इतकं शहाणपण या घरात एका वेळी कधीच नांदलं नव्हतं. त्याने डोळे मिटून हात पुढे केला, हाताला लाल डबा लागला, त्याने तो उचलला आणि तोल जाऊन मागच्या मागे बसला. डबा रिकामा होता. त्याने पिवळा उचलला. रिकामा. निळा उचलायची गरजच नव्हती, पण त्याने उचलला.

"तेल कुठंय?"

"इंजिनात," तिघं एका सुरात म्हणाले, आणि मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

असा सगळा प्रकार होता. मालक गेल्यावर सगळे दुपारी आडवे झाले. आधी सासरे चोरपावलांनी उठले, आपला डबा इंजिनात रिता केला, झाकण लावून परत ओसरीवर ठेवला. पहिलं तेल एकदा पडलं की जावयाची काय बिशाद! मग तोच विचार मेव्हण्याने केला. मग मिस्त्रीने. प्रत्येकाला वाटलं की बाजी आपण मारली.

"अहो, तीन डबे!" मिस्त्रीने कप आपटला. "माझी नवी सीलं! सुरू केलं तर सगळं उडेल!"

"तू कशाला ओतलंस मग?" सासरे उसळले.

"मला काय माहीत तुम्ही असले चोर आहात!"

"चोर कोणाला म्हणतोस? स्वतःच्या जावयाच्या गाडीत ओतलंय मी!"

"बाबा, निदान मला तरी सांगायचंत! माझा शेवटचा डबा होता तो, नवा माल परवा येणार!"

या गोंधळात मिस्त्री ट्रककडे धावला आणि त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?"

"कोरडी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत तेलच नाही. तीन डबे गेले कुठे? मालक... ब्लॉक फुटलाय. आतल्या आत गळलं सगळं. इंजिन पुन्हा खोलावं लागणार."

"उद्या सकाळी..."

"उद्याचं नाव काढू नका. महिना तरी लागेल."

महिना! मालक मटकन पायरीवर बसला. त्याला कारखान्याचं गेट दिसलं, गेटसमोरची रिकामी जागा दिसली, खिळा दिसला. शेठने किल्ली कोणाला दिली नव्हती. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. रडावंसं वाटत होतं, पण सासऱ्यांसमोर रडायची चोरी.

"अहो, असे बसू नका," बायको बाहेर येऊन म्हणाली. "त्या मॅनेजरला आताच फोन करून सांगा काय ते."

मालकाने मोबाइल काढायला खिशात हात घातला. मोबाइलच्या आधी हाताला काहीतरी थंड, जड आणि तेलकट लागलं. त्याने ते बाहेर काढलं. नट होता तो. चेंबरचा.

बायको खाली वाकून गाडीखाली बघत होती. सकाळी काळं तेल धरायला ठेवलेलं अर्धं कापलेलं पिंप आता काठोकाठ भरलं होतं. लाल, पिवळं, निळं, सगळं वरून ओतलं गेलं होतं आणि खालून इमानेइतबारे त्या काळ्या तेलात जाऊन मिळालं होतं.

"ब्लॉक फुटलाय म्हणे," बायको म्हणाली.

"मला काय ठाऊक यांनी नट बसवला नाही ते!" मिस्त्री पुटपुटला. "हो म्हणाले होते सकाळी."

मालकाने नट बसवला, अगदी पिळून बसवला. इंजिन धडधाकट होतं, पण ते कोरडं होतं, बाजार बंद होता, आणि सकाळ काही बाजारासाठी थांबणार नव्हती. आता तेल मिळेल अशी एकच जागा होती. ती कोणती, हे मालकाला चांगलंच माहीत होतं, आणि तो बराच वेळ ते माहीत नसल्यासारखा उभा राहिला. मग त्याने लाल, पिवळा आणि निळा असे तिन्ही डबे उचलून बाजूला ठेवले, बायकोकडून एक साधा कॅन मागून घेतला आणि तो निघाला.

शेठने त्याच्या हातातला कॅन घेतला. त्याने स्वतःच्या हाताने कोपऱ्यातल्या पिंपातून कॅन भरून दिला.

"शेठ, कोणत्या कंपनीचं आहे हे?"

"कंपनी कसली रे! सगळ्या डब्यांच्या तळाशी उरतं ते या पिंपात ओततो. माझे वडील असतानापासून. कशात काय आहे ते देवालाही सांगता यायचं नाही."

मालकाने एकदा पिंपाकडे पाहिलं. पण कॅन त्याने घट्ट धरला होता.

घरी येऊन त्याने तेल भरलं, पट्टी पाहिली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आवाज असा, की सासऱ्यांनासुद्धा ऐकू आला आणि आवडला. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, त्याचे डोळे भरून आले.

"मालक, आयुष्यात असं इंजिन ऐकलं नाही. पडलं हो पहिलं तेल! आता जन्मभर हेच. दुसरा थेंब घालाल तर खबरदार! कोणतं आहे?"

मालकाने सांगितलं. मिस्त्रीने हळूच बॉनेटवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी गेट उघडलं तेव्हा मालकाची गाडी दारात होती. मॅनेजरने हात मिळवला, काम कायमचं झालं, काच एक तडा न जाता पोचली. मालक घरी परतताना शेठच्या अड्ड्यावर थांबला. खरं तर आभार मानायचे होते.

शेठ भिंतीपाशी उभा होता. खिळ्यावरची किल्ली त्याने काढली होती आणि तिच्या जागी एक रिकामा कॅन अडकवला होता.

"हा तुझा," तो मायेने म्हणाला. "दुसऱ्या कोणाला देणार नाही. महिन्याभरात येशील परत."