सामूहिक अजाणता मद्यप्राशन

पानगळ सुरू झाली की फलक परवाना कार्यालयाचा वार्षिक स्नेहमेळावा भरतो. शहरातल्या दुकानदाराने आपली पाटी किती लांब, किती रुंद आणि रस्त्यापासून किती उंच लावावी, हे ठरवण्याचे गंभीर काम या कार्यालयाकडे आहे. त्यामुळे वर्षातून एकदा तरी इथल्या माणसांनी एकमेकांशी स्नेहाने वागावे, असा वरून आदेश असतो. यंदा त्या आदेशात एक वाक्य वाढले होते. ‘मेळाव्यात सहकुटुंब उपस्थितांना देण्यात येणारे पेय फळाधारित, बुडबुडेयुक्त व पूर्णतः मद्यविरहित असेल, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’

सर्व संबंधितांनी नोंद घेतली. एखादी गोष्ट ‘नाही’ असे सरकारी कागदावर आले की ती कुठेतरी नक्की आहे, एवढे कळण्याइतकी नोकरी प्रत्येकाची झाली होती.

पेय बनवण्याची जबाबदारी मोजपट्टीने आपणहून अंगावर घेतली. हा कार्यालयाचा मापक. त्याचे खरे नाव पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नसे. पाटी बोटभर जरी वाढली तरी तो दुकानदाराला ती उतरवायला लावी. खोटे माप त्याच्या हातून कधी लिहिले गेले नव्हते, आणि त्याबद्दल त्याचे कौतुकही कधी कोणी केले नव्हते. माणूस कौतुकाचा भुकेला होता, हे उघडच सांगितलेले बरे. शिवाय मुख्य मापकाची जागा रिकामी होणार होती आणि ती आपल्यालाच मिळावी, असे त्याला मनापासून वाटत होते.

त्याने घरच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सफरचंदे आणि नासपती किसून फडक्यातून रस गाळला, दालचिनी आणि आल्याचा तुकडा टाकून मंद आचेवर थोडा आटवला, वरून लिंबू पिळले आणि गार करायला ठेवला. बायकोने साखर किती घालू विचारले तर, “फळं पिकलेली आहेत, साखर कशाला?” असे म्हणून तिला बाहेर काढले. मेळाव्यात तो स्वतः टेबलामागे उभा राहिला. ग्लास तिरका धरायचा, तळाशी रस ओतायचा आणि थंडगार सोडा कडेने हळूच सोडायचा, म्हणजे बुडबुडे एकदम उडून जात नाहीत. उंच ग्लासांत ते सोनेरी पेय फसफसू लागले तेव्हा त्याचा ऊर खरोखर भरून आला.

लेखापालांनी पहिला ग्लास एका दमात संपवला आणि मोजपट्टीला डोळा मारला.

“मद्यविरहित, काय?”

“थेंबही नाही,” मोजपट्टी म्हणाला.

“कळलं, कळलं. आणखी एक दे.”

दुसरा ग्लास पोटात जाताच लेखापाल तडक अधीक्षक साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. “साहेब, तुमचा एकही विनोद आजवर मला कळलेला नाही. मी हसतो तो पगारवाढीपुरता.”

सगळे गारठले. पण साहेबांच्याही हातात तिसरा ग्लास होता. त्यांनी लेखापालांना कडकडून मिठी मारली. “अरे, मलाच कुठे कळतात! माझा मेहुणा सांगतो, मी पाठ करून येतो.”

मग काय विचारता! पोटातले ओठावर यायला वेळ लागला नाही. तक्रार खिडकीवरच्या बाईंनी जाहीर केले की तक्रारपेटीला खालून भोक आहे आणि त्या भोकाखाली कचऱ्याची टोपली आहे. टंकलेखिका म्हणाली, साहेब तोंडी सांगतात ते ती कधीच टाइप करत नाही, तिला योग्य वाटते ते करते. शेवटी साहेब खुर्चीवर चढले. “मित्रांनो, मी इथे आल्यापासून एकही फाइल वाचलेली नाही. माझा चष्मा लांबचा आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसे हसली, रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. आदेशात लिहिलेला स्नेह त्या कार्यालयात पहिल्यांदाच प्रत्यक्षात उतरला होता.

सोमवारी सगळे डोकी धरून बसले होते. शिपाई टेबलाटेबलावर लिंबूपाणी वाटत होता.

“काय चढली रे तुझी ती!” लेखापाल कण्हत म्हणाले.

मोजपट्टी कौतुक ऐकायलाच आला होता, पण हे भलतेच कौतुक त्याला सोसवेना. “चढेल कशी? त्यात काही नव्हतंच. मी आधीच सांगितलं होतं.”

ज्याने त्याने मनातल्या मनात आपापले वाक्य आठवून पाहिले, आणि डोकेदुखी थांबून तोंडचे पाणी पळाले.

साहेबांनी त्याला आत बोलावले. “बस. तुझ्या पेयात दारू नव्हती, असं तुझं म्हणणं आहे?”

“सोळा आणे फळं होती, साहेब.”

“मग खुर्चीवर चढून जे बोललं गेलं, ते कोण बोललं?”

“आपण, साहेब.”

“म्हणजे शुद्धीत?”

मोजपट्टीने खाली मान घातली. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरे बोलायची ही जागा नव्हती.

अशा बातम्यांना पाय फुटतात. आठवडा संपायच्या आत मुख्यालयातून चौकशी अधिकारी दाखल झाले. त्यांनी नियम समजावून सांगितले. पेयात मद्य असेल, तर घडला तो ‘सामूहिक अजाणता मद्यप्राशना’चा प्रकार. त्यात पिणाऱ्याचा दोष नसतो, बनवणाऱ्याला मात्र ताकीद मिळते आणि त्याची बढती थांबते. पेयात मद्य नसेल, तर उपस्थितांची सर्व विधाने पूर्ण विचारांती केलेली धरावी लागतील. मग लेखापालांचे हसणे ही शासनाची फसवणूक, तक्रारपेटी हा गुन्हा, आणि साहेबांनी न वाचता सह्या केल्या म्हणून शहरातली प्रत्येक पाटी उतरवून पुन्हा मोजावी लागणार.

“बाटलीच्या तळाशी उरलेला रस तपासायला नेला होतात, त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आलाय ना?” मोजपट्टीने आशेने विचारले. “त्यात मद्य नाही असंच निघालंय.”

“प्रयोगशाळेचं मत बाटलीपुरतं असतं,” अधिकारी म्हणाले. “पोटात गेल्यावर काय होतं, तो आस्थापनेचा प्रश्न आहे.”

दुपारी तक्रार खिडकीवरच्या बाई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, माझ्या मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून. तुमच्या त्या रसात थोडीशी दारू घातलीत तर काय बिघडेल?”

“आता कशी घालू, बाई? रस तर संपला!”

“रसात कुठे घालायला सांगतेय मी? जबाबात घाला.”

मोजपट्टीला वाईट वाटले. बाईंबद्दलही वाटले आणि स्वतःबद्दल जास्त वाटले. जन्मात एक गोष्ट मनासारखी जमली होती आणि सगळे गाव तिला नासवायला निघाले होते. त्याने ठरवले, काय वाटेल ते होवो, खोटे माप लिहायचे नाही. दुसऱ्या दिवशी तो घरून रस आणि सोडा घेऊन आला आणि चौकशी अधिकाऱ्यांसमोर त्याने पेय तयार केले.

“घ्या साहेब. तुम्हीच प्या आणि तुम्हीच ठरवा.”

अधिकाऱ्यांनी घोट घेतला. छान आहे म्हणाले. अर्धा ग्लास झाल्यावर त्यांनी टाय सैल केला. पाऊण झाल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “खरं सांगू का? निष्कर्ष मुख्यालयातून टाइप होऊनच येतो. मी फक्त वर चौकशी जोडतो. मला खरं तर बासरी शिकायची होती.”

अधिकाऱ्यांनी ग्लास खाली ठेवला, टाय घट्ट केला आणि गंभीरपणे म्हणाले, “फारच कडक आहे.”

आता पेयात दारू असण्याची गरज मुख्यालयालाही लागली होती. तरी मोजपट्टी बधला नाही. जबाबावर सही करायला उद्या येतो म्हणून तो घरी गेला आणि बायकोसमोर छाती काढून उभा राहिला.

“जगाला ओरडून सांगेन! त्या दिवशी कोणीही प्यायलेलं नव्हतं. जो तो मनातलं खरं तेच बोलला!”

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“कोणीच प्यायलेलं नव्हतं?”

“कोणीच नाही.”

“तुम्हीसुद्धा?”

“मी तर मुळीच... का गं?”

“नाही म्हटलं, मेळाव्यात ग्लास हातात घेऊन माझ्यासमोर लेखापालांच्या बायकोला सांगत होतात ना, की दर रविवारी जादा काम म्हणून डबा घेऊन निघता, ते बागेतल्या बाकावर एकटेच बसायला. घरी डोकं उठतं म्हणून.” तिचा आवाज अगदी शांत होता. “मी म्हटलं, जाऊ दे. पिऊन बरळला माणूस. चौदा वर्षं मी उठून तो डबा भरतेय, अहो. तर ते शुद्धीत बोललात?”

मोजपट्टी मटकन पाटावर बसला. मग तिची सुरी घेऊन तो राहिलेली भाजी चिरू लागला.

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी तो दारात हजर होता. अधिकाऱ्यांनी जबाब पुढे केला. त्यात एकच जागा मोकळी होती.

“मद्याचं प्रमाण किती होतं?” अधिकाऱ्यांनी विचारले. “तुम्ही मापक आहात, तुम्हीच सांगा.”

मोजपट्टीने सवयीने खिशातली पट्टी चाचपली. आयुष्यातले पहिले खोटे माप तो देत होता.

“बरंच,” तो म्हणाला. “लिहा, बरंच होतं.”

कार्यालय वाचले. मुख्य मापकाची जागा साहेबांच्या मेहुण्याला गेली. सदर पेय सर्व शासकीय प्रयोजनांसाठी मादक समजण्यात यावे, असा आदेश निघाला. तेव्हापासून मोजपट्टीच्या घरी गिऱ्हाइकांची रीघ लागली आहे. सून सासूसाठी नेते, भाडेकरू घरमालकासाठी नेतो. चव कशी आहे, हे कोणी विचारत नाही. आदेशाची प्रत सोबत मिळेल का, एवढेच विचारतात.

आदेश आला त्या संध्याकाळी मोजपट्टीने तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. मी शुद्धीत नव्हतो, हे आता सरकारनेच म्हटले आहे, असे सांगून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग फ्रिजमधून बाटली काढली, काठोकाठ ग्लास भरला आणि त्याच्याकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

“बसा,” ती म्हणाली. “आता मी प्यायलेय.”

ती पुढे काय बोलली, ते इथे छापता येण्यासारखे नाही. ज्या वाचकांना उत्सुकता असेल त्यांनी सफरचंदे आणि नासपती आणावीत, घरीच रस काढावा आणि पहिला ग्लास स्वतः न घेता घरातल्या माणसाच्या हातात द्यावा. मग समोर बसून राहावे, पण तेवढा धीर असेल तरच.